बुऱ्हाणपूर दरवाज्यातून आत

बमरोलीतून निघालात तेव्हा लूमचा खडखडाट कानात होता. पांडेसरा मागे पडलं, उधना आलं आणि खडखडाट बंद झाला. पायाखाली डांबर नाही, गिरण्यांच्या चिमण्या नाहीत, जिकडे पाहाल तिकडे शेतं. इंग्रज वखारीच्या रोजनिशीप्रमाणे आज 5 जानेवारी 1664, मंगळवार. दक्षिणेकडे धूळ उठली आहे. गणदेवीवरून आलेल्या मराठी फौजेचे घोडे उधन्याच्या शिवारात शिरताहेत. फौज सुरत शहराला भिडायला उद्याचा दिवस उजाडेल. तेवढा वेळ तुमच्या हातात आहे. गाव पाहून घ्या.

सुरत म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लूट येते. शाळेत तेवढंच शिकवतात. शाइस्ताखानाने तीन वर्षं पुणे प्रांत नासला, त्याची भरपाई मोगलांच्या या श्रीमंत बंदरातून वसूल झाली, हे खरंच आहे. पण ज्या शहरातून इतकं निघालं ते उभं कसं होतं, हे आपण कधी विचारत नाही. लाखो खानदेशी माणसांनी या शहरात संसार थाटले. त्यांना तरी हे ठाऊक असावं, असं मला मनापासून वाटतं.

तुम्ही पूर्वेकडच्या बुऱ्हाणपूर दरवाज्याने आत शिरता. धुळे-नंदुरबारच्या माणसाला ही वाट परकी नाही. बुऱ्हाणपूरचं कापड खानदेशातून बैलांच्या पाठीवर याच वाटेने बंदराला येतं. दरवाजा आहे, पण शहराभोवती दगडविटांचा तट नाही. हिंदुस्थानातल्या सगळ्यात श्रीमंत बंदराला तट नाही! आत गल्ल्या अरुंद. घरांना लाकडी खांब, बांबूच्या भिंती, वर मातीचा गिलावा. एका गल्लीत विटांची दोन-चार घरं दिसली तर पुष्कळ. वीरजी व्होरासारख्या सावकाराचा वाडा पक्का, पण त्याच्या आजूबाजूला सगळं जळाऊच. बायका पोरांना कडेवर घेऊन तापीच्या घाटाकडे धावताहेत. नावा कमी पडताहेत.

त्यांच्यामागोमाग नदीवर या. तापीकाठी किल्ला दिसेल. जवळ जाऊन भिंतीवरून हात फिरवा. दोन चिऱ्यांच्या मध्ये लोखंडी पट्टी बसवली आहे आणि सांध्यात शिसं वितळवून ओतलं आहे. 1530 च्या सुमारास पोर्तुगीजांनी सुरत जाळली. त्यानंतर गुजरातचा सुलतान महमूद तिसरा याच्या हुकमाने खुदावंदखानाने 1540 ते 1546 च्या दरम्यान हा किल्ला बांधला. समुद्रावरून येणाऱ्या तोफांचा विचार करून केलेलं हे बांधकाम. आत मात्र माणसं किती मावणार! सुभेदार इनायतखान केव्हाच आत जाऊन बसला आहे आणि ज्याच्या गाठीला पैसा आहे तो लाच देऊन आत शिरतो आहे. बाकीचं शहर बाहेर.

किल्ल्यापासून जवळच मुघलसराई. हकीकतखानाने 1644 मध्ये बांधलेली, म्हणजे आज तिला वीस वर्षं झाली. हजला निघालेले यात्रेकरू इथे उतरतात. मोठं अंगण, भोवती कमानींच्या ओळी, कमानींमागे खोल्या. मोठी जहाजं तापीत येत नाहीत, गाळामुळे ती सुवाळीला समुद्रात नांगर टाकतात. तिथपर्यंत होडीतून जायचं, तोवर मुक्काम या सराईत. पुढे 1867 मध्ये इथे नगरपालिका आली. तुमच्या काळात बमरोलीचा कारभारही इथूनच चालतो.

बुधवारी अकराच्या सुमारास शिवाजी महाराजांचा तंबू बुऱ्हाणपूर दरवाज्याबाहेरच्या बागेत पडतो. मग आग. बांबू आणि लाकूड किती वेळ टिकणार? जॉर्ज ऑक्सेंडेन आपली माणसं घेऊन इंग्रजांची वखार लढवतो. डचांची वखारही वाचते. ख्रिस्ती धर्मगुरू फादर ॲम्ब्रोजला महाराजांनी हात लावला नाही आणि डचांचा दानशूर दलाल मोहनदास पारेख वारला होता तरी त्याचं घर राखलं, असं फ्रेंच प्रवासी बर्निअरने लिहून ठेवलं आहे. किल्ल्यावरच्या तोफा वाजतात, पण गोळे पडतात गावातल्याच घरांवर.

तट असला की काय होतं ते पाहायला तीन वर्षं पुढे चला, 1667 मध्ये. क्रोएशियाच्या किनाऱ्यावरचं डुब्रोव्हनिक हे व्यापारी शहर एप्रिलमध्ये भूकंपाने कोसळलं. पण भोवतालचा जवळपास दोन किलोमीटरचा दगडी तट टिकला. त्याच्या आत लोकांनी शहर पुन्हा उभारलं आणि आज जग ते पाहायला जातं. सुरतेत औरंगजेबाने पहिल्या लुटीनंतर विटांचा तट घालायचा हुकूम दिला. 1670 च्या ऑक्टोबरात महाराज पुन्हा आलेच. पुढे बाहेरून दुसरा तटही झाला. आता दोन्ही गेले. उधना दरवाजा, सहारा दरवाजा, लाल दरवाजा ही नावं तेवढी रिक्षावाल्यांच्या तोंडी राहिली. लाकडी सुरतेचा मोठा भाग 1837 च्या एप्रिलमधल्या आगीने नेला. त्यात 9 हजारांहून अधिक घरं जळाली. त्याच वर्षी पूरही आला.

जे दगड-चुन्याचं होतं ते राहिलं. कतारगामच्या बाजूला इंग्रजांच्या कबरस्तानात ऑक्सेंडेन भावांची कबर पाहा. ख्रिस्तोफर 1659 मध्ये गेला, वखार वाचवणारा जॉर्ज 1669 मध्ये. इंग्रज व्यापारी, पण वर घुमट आणि खाली खांब, असा हा मकबरा दिसतो. डचांनी तर 1691 मध्ये वारलेल्या व्हान ऱ्हीडची कबर आणखी भव्य बांधली. मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध करणारा हाच तो माणूस. मरणानंतरही मोगल सरदाराच्या बरोबरीने दिसायचं, ही चुरस या दगडांत अजून वाचता येते.

पालिकेने किल्ला दुरुस्त करून लोकांना खुला केला, हे फार चांगलं झालं. गावाकडून पाहुणे आले की आपण त्यांना रिंगरोडवर साड्या घ्यायला नेतो. पुढच्या खेपेला तिथून चौकबाजारला वळा. आधी किल्ला, मग मुघलसराई, दुपारनंतर कतारगामची कबरस्तानं. बमरोलीहून सकाळी निघालात तर एका दिवसात तिन्ही होतात.