मोटारसायकलीचा सुकाणू धारवा
मोटारसायकलीच्या सांगाड्याचे शीर्षनळकांडे व पुढच्या चाकाचा चिमटा यांना जोडणारी धारव्यांची (बेअरिंगांची) जोडी. दुरुस्तीच्या दुकानांत तिला ‘कोन सेट’ म्हणतात. हिच्यामुळे हँडल सहज वळते, तरी चिमटा डळमळत नाही. त्यासाठी बाहेरची कडी नळकांड्यात व खालची आतील कडी चिमट्याच्या दांड्यावर घट्ट दाबून बसवितात. हा घट्टपणा सुरक्षिततेला आवश्यक असला, तरी जुनी कडी काढताना तोच अडचणीचा ठरतो.

गोळ्यांच्या धारव्याचे एकस्व वेल्समधील फिलिप व्हॉन यांनी १७९४ मध्ये गाडीच्या आसासाठी घेतले. फ्रान्समध्ये झ्यूल स्यूरिरे यांनी १८६९ मध्ये तो सायकलीसाठी योजिला. जर्मनीतील फ्रीड्रिख फिशर यांच्या यंत्रामुळे (१८८३) पोलादी गोळ्या एकसारख्या घासणे शक्य झाले. सायकलीची ही रचना मोटारसायकलीने उचलली. मद्रास येथे १९५५ पासून जुळणी होऊ लागलेल्या ‘बुलेट’ गाडीच्या सुकाण्यातही सुट्या गोळ्याच असत.

चाकाचा धारवा पूर्ण फिरतो. सुकाण्याचा मात्र थोड्याच अंशांत हलतो. त्यामुळे रस्त्याचे धक्के कड्यांवर त्याच त्या जागी बसतात, वंगण बाजूला सारले जाते, खळगे पडतात आणि हँडल मध्यावर अडकू लागते. काठिण्यमापनाची पद्धत १९०० मध्ये मांडणारे स्वीडिश अभियंते ब्रिनेल यांच्या नावावरून अशा खळग्यांना ‘ब्रिनेल खुणा’ म्हणतात. हेन्‍री टिमकेन यांनी १८९८ मध्ये एकस्व घेतलेल्या निमुळत्या रुळांच्या धारव्यात स्पर्श बिंदूऐवजी रेषेवर होऊन भार विभागला जातो. म्हणून पुढे अनेक मोटारसायकलींत तो वापरात आला.

नळकांड्यातील कडी काढण्यासाठी दुसऱ्या टोकाकडून लांब दांडा घालून तिच्या आतल्या कडेवर आळीपाळीने समोरासमोर ठोके देतात. एकाच बाजूस ठोकल्यास ती तिरपी होऊन अधिकच अडकते. दांडा टेकण्यास कड नसल्यास कडीच्या आतून वितळजोडाची (वेल्डिंगची) रेघ ओढतात. तापलेल्या कडीला नळकांड्यामुळे बाहेर प्रसरण पावता येत नाही. थंड होताना ती आकसून सैल होते. ॲल्युमिनियमचे सांगाडे १९८० नंतर रूढ झाले. त्यांत उष्णता उपयोगी पडते, कारण ॲल्युमिनियम पोलादाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. ५० मिमी. व्यासाच्या बैठकीचे व कडीचे तापमान ८०° से. ने वाढविल्यास व्यासांत सु. ०.०४ मिमी. फरक पडतो व पकड ढिली होते. दांड्यावरील कडी छिन्नीने उचलतात. न निघाल्यास घासून पातळ करून फोडतात.

या कामात बैठकीला किंवा दांड्याला ओरखडा अथवा चीर पडू न देणे महत्त्वाचे असते. बैठक सैल झाल्यास नवा धारवाही तिच्यात हलत राहतो व वेगात गाडीचा तोल बिघडून अपघात संभवतो. कडी पुन्हा बदलता येते, सांगाडा सहसा बदलता येत नाही. म्हणून अडकलेल्या कडीचाच बळी देण्याची पद्धत कारागिरांत रूढ झाली.