कुलूप, किल्ली आणि लाहोरची फ्लॉपी

नव्वदच्या दशकात मी कॉम्प्युटर क्लासला जायचो. एक दिवस सरांनी फळ्यावर ‘व्हायरस’ असा शब्द लिहिला आणि सांगितलं, की जगातला पहिला कॉम्प्युटर व्हायरस पाकिस्तानात तयार झाला. वर्गातल्या पंचवीस-तीस माना माझ्याकडे वळल्या. कुणीतरी खुसखुसलं. सरांच्या मनात वाईट काही नव्हतं, ते पुढच्या मुद्द्याकडे गेलेसुद्धा. मीही हसलो. हसण्यावाचून दुसरं काय करणार?

सरांची माहिती अर्धी बरोबर होती. १९८२ सालीच अमेरिकेतल्या रिच स्क्रेंटा नावाच्या एका शाळकरी मुलानं ॲपल टू या कॉम्प्युटरवर फ्लॉपीमार्फत पसरणारा ‘एल्क क्लोनर’ लिहिला होता. आयबीएम पीसीवर जगभर फिरलेला पहिला व्हायरस मात्र लाहोरचाच. त्याचं नाव ‘ब्रेन’, साल १९८६. लिहिणारे बासित आणि अमजद फारूक अल्वी हे सख्खे भाऊ, धाकटा बासित तेव्हा जेमतेम सतरा वर्षांचा. पण हे सगळं नंतर वाचताना मला अडकवून ठेवलं ते वेगळ्याच गोष्टीनं. हा व्हायरस चोरी करायला लिहिलेला नव्हता. अल्वी बंधूंच्या म्हणण्यानुसार तो चोरी अडवायला लिहिला होता.

या भावांचं अल्लामा इक्बाल टाऊनमध्ये कॉम्प्युटरचं दुकान होतं. हृदयाच्या तपासणीसाठी डॉक्टरांना उपयोगी पडेल असा एक प्रोग्राम त्यांनी केला होता आणि लोक तो फुकट कॉपी करत होते. कुठे कुठे कॉपी होतेय ते कळावं म्हणून त्यांनी फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये आपला कोड घातला. कॉम्प्युटर सुरू होताना फ्लॉपीचा जो भाग सर्वांत आधी वाचला जातो, तो बूट सेक्टर. ब्रेन तिथे जाऊन बसायचा, मूळ मजकूर दुसरीकडे हलवायचा आणि ती जागा खराब आहे अशी खूण करून ठेवायचा. कुणी बूट सेक्टर तपासायला गेलं, तर त्याला मूळ मजकूरच दाखवायचा. या मजकुराच्या आड चोरट्यासाठी एक संदेश होता आणि त्यात चक्क दोघा भावांची नावं, दुकानाचा पत्ता, फोन नंबर. लस हवी असेल तर आमच्याशी संपर्क साधा, असं वर लिहिलेलं. स्वतःच्या सहीनिशी फिरणारा असा गुन्हेगार मी दुसरा पाहिलेला नाही.

अर्थात गोष्ट इतकी निरागस नाही. १९८८ साली अमेरिकेच्या ‘टाइम’ साप्ताहिकानं छापलं, की याच दुकानात अमेरिकन प्रोग्रामच्या नकला कवडीमोलानं विकल्या जात आणि परदेशी गिऱ्हाइकांना दिल्या जाणाऱ्या फ्लॉपीत व्हायरस असे. पाकिस्तानच्या कॉपीराइट कायद्यात तेव्हा सॉफ्टवेअर नव्हतं, ते आलं १९९२ च्या दुरुस्तीनं. म्हणजे स्थानिक गिऱ्हाईक कायदा मोडत नव्हतं आणि अमेरिकन पर्यटक आपल्या देशाचा कायदा मोडत होता, म्हणून शिक्षा त्याला! स्वतःचा माल चोरला तर राग आणि दुसऱ्याचा विकला तर धंदा. आपल्याकडच्या बाजारात वाढलेल्या माणसाला हा हिशेब फार परका वाटू नये.

त्या फ्लॉपीनं नेमकं कुणाला अडवलं, हे पाहण्यासारखं आहे. मुद्दाम चोरी करणाऱ्यानं संदेश वाचला, ती फ्लॉपी पुसली आणि दुसरी वापरली. ब्रेन पोचला तो अमेरिकेतल्या विद्यापीठांमध्ये, ज्यांनी लाहोरचा तो प्रोग्राम कधी पाहिलाही नव्हता अशा विद्यार्थ्यांच्या फ्लॉप्यांवर. दुकानातला फोन परदेशातून वाजायला लागला तेव्हा भाऊ स्वतःच चकित झाले. २०११ मध्ये फिनलंडचे सुरक्षातज्ज्ञ मिक्को हायपोनन त्यांना शोधत लाहोरला गेले, तर ते त्याच पत्त्यावर भेटले. तोवर त्यांची इंटरनेट सेवा देणारी कंपनी झाली होती.

अल्वी बंधू एकटेच या वाटेनं गेले असंही नाही. त्याच दशकात अमेरिकेत व्हॉल्ट नावाची कंपनी ‘प्रोलॉक’ फ्लॉपी विकत होती. फ्लॉपीच्या पृष्ठभागावर एक कायमची खूण केलेली असे, ती कॉपी करताना उतरत नसे. प्रोग्राम सुरू होताना विचारायचा, खूण आहे का? आहे, तर चालू. नाही, तर बंद. मग कॅनडातल्या क्वेड कंपनीनं एक छोटा प्रोग्राम काढला. त्याला ती खूण बनवायची गरजच पडली नाही. प्रोग्रामनं विचारलं की हा मध्येच उत्तर द्यायचा, हो, आहे. व्हॉल्ट कोर्टात गेली आणि १९८८ मध्ये अपील कोर्टातही हरली.

सॉफ्टवेअरच्या कुलपाचं सगळं मर्म या एका ‘हो’ मध्ये आहे. कुलूप कितीही भारी असलं, तरी शेवटी प्रोग्रामला कुठेतरी हो किंवा नाही ठरवावंच लागतं आणि ते ठरवण्याची जागा ज्या मशीनवर असते, ते मशीन घुसखोराच्या टेबलावर असतं. घराला कुलूप लावून आपण किल्ली खिशात घालून निघून जातो. इथे घर, कुलूप आणि किल्ली तिन्ही गिऱ्हाइकाच्या हाती देऊन वर म्हणायचं, की अमुक एका खोलीत मात्र जाऊ नकोस.

हा फरक मला उमगला तो बगदादच्या अल-किंदीमुळे. अबू युसूफ याकूब इब्न इसहाक अल-किंदी, नवव्या शतकातला तत्त्वज्ञ. मामून आणि मोअतसिम या अब्बासी खलिफांच्या काळात बगदादमध्ये ग्रीक ग्रंथांची अरबी भाषांतरं चालली होती, त्या वर्तुळातला हा माणूस. आपल्या लोकांना त्याचं नाव हल्ली व्हॉट्सॲपवरच्या ‘मुसलमानांनी जगाला काय दिलं’ छापाच्या यादीत भेटतं आणि तिथेच संपतं. त्याचा ‘मुअम्मा’ उकलण्यावरचा रिसाला इस्तंबूलच्या ग्रंथसंग्रहात होता आणि १९८० च्या दशकात दमास्कसच्या अरबी अकादमीनं तो संपादित करून छापला. मुअम्मा हा शब्द जुनी उर्दू मासिकं वाचणाऱ्यांना ओळखीचा असेल, बक्षिसाची कोडी याच नावानं छापली जात. मूळ अरबीत त्याचा अर्थ आंधळं केलेलं, म्हणजे वाचता येऊ नये असं केलेलं लिखाण.

किंदीची युक्ती ऐकायला अगदी साधी आहे. अरबीतल्या २८ अक्षरांची अदलाबदल जितक्या प्रकारे करता येते, तो आकडा ३ वर २९ शून्यं एवढा भरतो. एकेक किल्ली लावून पाहायची म्हटलं तर कयामत येईल. किंदी म्हणाला, किल्ली शोधूच नका. त्या भाषेतला साधा, लांबलचक मजकूर घ्या आणि कोणतं अक्षर किती वेळा येतं ते मोजा. मग गुप्त पत्रातली चिन्हं मोजा. सर्वांत जास्त वेळा येणारं चिन्ह म्हणजे भाषेतलं सर्वांत जास्त येणारं अक्षर असणार, मग दुसरं, मग तिसरं. मराठीतही हे करून पाहता येतं, ‘त’ आणि ‘र’ ओळीओळीत भेटतील, ‘झ’ शोधावा लागेल. अट एवढीच, की पत्र पुरेसं लांब हवं. दोन ओळींच्या चिठ्ठीपुढे ही पद्धत अडते, हेही किंदीला ठाऊक होतं.

किंदीच्या हाती फक्त पत्र होतं. किल्ली नव्हती आणि कुलूप कसं बनवलं तेही त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तरी बाहेर उभं राहून आत शिरण्याचा रस्ता त्यानं काढला. त्यानंतर हजार वर्षांनी गणितज्ञांनी अशी कुलपं बनवली, ज्यांच्यापुढे मोजणी चालत नाही. किल्ली खरोखर गुप्त राहिली तर ती आजही टिकून आहेत, तुमचे-आमचे बँकेचे व्यवहार त्यांच्याच भरवशावर चालतात. म्हणजे कुलूप बनवण्याची विद्या कमी पडली असं नाही. प्रोग्राम विकणाऱ्याची अडचण ही, की त्याला किल्लीही मालाबरोबर द्यावी लागते.

डीव्हीडीचं तसंच झालं. चित्रपट कंपन्यांनी १९९६ पासून तबकड्यांवर ४० बिटांचं कुलूप घातलं, म्हणजे सुमारे १ लाख १० हजार कोटी किल्ल्या. पण तबकडी पाहायची तर प्लेयरमध्ये किल्ली हवीच. एका प्लेयर-सॉफ्टवेअरमध्ये ती नीट झाकलेली नव्हती. १९९९ मध्ये तिच्या आधारानं कुलूप उघडणारा प्रोग्राम इंटरनेटवर आला. त्यात ज्याचं नाव गाजलं तो यॉन लेक योहान्सन हा नॉर्वेचा मुलगा तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचा होता. त्याच्यावर खटला झाला आणि २००३ मध्ये तो दोनदा निर्दोष सुटला. वयं पाहा, लाहोरचा बासित सतरा, हा सोळा. वेळ भरपूर, पोटापाण्याची चिंता नाही आणि ‘जमणार नाही’ असं कुणीतरी म्हटलेलं. घुसखोराला याहून जास्त काय लागतं?

मग कुलपाचा उपयोगच नाही का? मला तसं वाटत नाही. लंडनच्या पिकॅडिलीत ब्रामा कंपनीच्या दुकानाच्या खिडकीत १७९० पासून एक कुलूप ठेवलेलं होतं. उघडून दाखवील त्याला २०० गिन्यांचं बक्षीस. साठ वर्षं ते कुणाला जमलं नाही. १८५१ च्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी अमेरिकेचा कुलूपकार आल्फ्रेड हॉब्स आला आणि त्यानं ते उघडलं. त्याला १६ दिवसांत मिळून ५१ तास लागले. लंडनची वर्तमानपत्रं हादरली. मी मात्र त्या ५१ तासांकडे वेगळ्या नजरेनं पाहतो. कोणता दरोडेखोर एका दारापुढे ५१ तास बसू शकेल? कुलूप वेळ विकत घेऊन देतं. नवा प्रोग्राम वा नवा खेळ बाजारात आल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच बरीचशी विक्री होते, तेवढे आठवडे कुलूप टिकलं तरी कंपनीचं काम होतं. ज्यांना वेळ नाही, हुन्नर नाही किंवा तितकी इच्छाच नाही, असे बहुसंख्य लोकही दारातूनच परत जातात. हट्टाला पेटलेल्यासाठी मात्र ते फक्त एक घड्याळ असतं. हल्ली कंपन्यांनी प्रोग्रामचा काही भाग स्वतःच्या सर्व्हरवर ठेवून महिन्याचं भाडं घ्यायला सुरुवात केली, त्यामागे हीच अक्कल आहे. किल्ली परत त्यांच्या खिशात गेली.

किंदीच्याच आयुष्यातली एक हकीकत इथे सांगायला हवी. खलिफा मुतवक्किलच्या काळात बनू मूसा या विद्वान, पण मत्सरी भावांनी कारस्थान करून किंदीला शिक्षा करवली आणि त्याचं सगळं ग्रंथालय बळकावलं. मुअम्मे उकलणाऱ्याला स्वतःची पुस्तकं राखता आली नाहीत. पुढे त्याच भावांच्या देखरेखीखाली खोदलेल्या कालव्याचं मोजमाप चुकलं आणि मान वाचवायला त्यांना सनद इब्न अली या गणितज्ञाचे पाय धरावे लागले. सनदचं आणि किंदीचं फारसं पटत नव्हतं. तरी त्यानं अट घातली, आधी किंदीची पुस्तकं परत करा. ती परत आली.

सॉफ्टवेअरच्या चोरीबद्दल आपल्या उलमांनी उशिरा का होईना, विचार केला आहे. ज्ञान अडवून धरू नये, म्हणून पुस्तकाचा हक्क विकणं मान्य नाही, असं मत जुन्या लोकांत होतं. जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय फिक्ह अकादमीनं डिसेंबर १९८८ मध्ये कुवेतच्या बैठकीत ठराव केला, की लेखनाचे आणि शोधांचे हक्क ही मालमत्ता आहे, त्यांवर अतिक्रमण करू नये. भारताच्या कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्राम १९८४ मध्येच आले होते आणि २०१२ पासून हक्क बुडवण्याच्या हेतूनं कुलूप तोडणं हाही वेगळा गुन्हा झाला.

यातलं काहीच मला ठाऊक नव्हतं, तेव्हा मी मिरजेत मामूंच्या डीटीपीच्या दुकानात ऑपरेटर होतो. मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर आम्ही रोख पैसे मोजून घेतलं होतं. त्याच्यासोबत एक लॉक यायचं, ते कॉम्प्युटरच्या मागे प्रिंटरच्या पोर्टला लावायचं आणि त्याच्यावर प्रिंटरची केबल. एका शनिवारी संध्याकाळी त्या लॉकची पिन वाकली. सोमवारपर्यंत कंपनीचा फोन कुणी उचलणार नव्हतं आणि रविवारी सकाळी निकाहच्या पत्रिका द्यायच्या होत्या. शेजारच्या दुकानदारानं न बोलता एक फ्लॉपी आणून दिली. त्याच्याकडचं तेच सॉफ्टवेअर लॉकशिवाय चालायचं, त्यानं ते कधी विकत घेतलेलंच नव्हतं. पैसे भरलेले आम्ही अडलो होतो आणि तो मजेत होता.

पत्रिका वेळेवर गेल्या. पुढच्या जुम्याला मामूंनी इमामसाहेबांना विचारलं. त्यांनी एवढंच विचारलं, “पैसे दिलेत ना?” मामू म्हणाले, “दिलेत.” “मग तुमच्याच घराचं कुलूप तुम्ही तोडलंत.”

वर्षभरानं आम्ही दुसरा कॉम्प्युटर घेतला. त्याच्यावर मी तीच फ्लॉपी चालवली. या वेळी आमच्यापैकी कुणी इमामसाहेबांकडे गेलं नाही. दुसऱ्या मशीनचे पैसे आम्ही भरले ते २००४ मध्ये, नवी आवृत्ती घेतली तेव्हा. लॉक तोवर यूएसबीचं झालं होतं.