व्हेनिसचें नवसाचें मंदिर

युरोपांतील कित्येक प्रार्थनामंदिरें राजांचें वैभव मिरवण्यासाठीं उभीं राहिलीं. व्हेनिसचें 'इल रेदेन्तोरे', म्हणजे तारणहाराचें मंदिर, मात्र भयांतून जन्मास आलें.

सन १५७५ मध्यें व्हेनिस नगरांत प्लेग शिरला. दुसऱ्या वर्षीं पादुआ विद्यापीठांतील नामांकित वैद्यांनीं 'हा खरा प्लेगच नव्हे' असा निर्वाळा दिला. निर्बंध सैल झाले, आणि मृत्यूचें थैमान वाढलें. साथ सरेपर्यंत सुमारें ५०,००० माणसें, म्हणजे नगराचा चौथा हिस्सा तरी, नाहींशीं झालीं होतीं. थोर चित्रकार तिशियन हाही त्याच दिवसांत, ऑगस्ट १५७६ मध्यें, निवर्तला. प्लेगपीडितांचा कैवारी मानलेला संत रोक, ज्याचा उत्सव १६ ऑगस्टला असतो, त्याच्या मंडळाच्या सभागृहांत तिंतोरेत्तोनें याच सुमारास छतावर एक प्रचंड चित्र रंगविलें: सर्पदंशानें तडफडणारे लोक, आणि त्यांना वांचविण्यासाठीं मोझेसनें उभारलेला पितळी सर्प.

मनुष्याचे उपाय थकले, तेव्हां सप्टेंबर १५७६ मध्यें सेनेटनें नवस केला. साथ ओसरावी म्हणून तारणहाराचें मंदिर बांधावयाचें, आणि राज्यप्रमुख डोज यानें दरवर्षीं तेथें दर्शनास जावयाचें. काम आंद्रेआ पल्लादिओ या स्थपतीकडे आलें. जागा ठरली ती रुंद कालव्यापलीकडील ज्युदेक्का बेटावर. मे १५७७ मध्यें पायाचा दगड बसला. जुलैमध्यें नगर रोगमुक्त झाल्याचें जाहीर झालें, आणि नावा जोडून केलेल्या पुलावरून मिरवणूक पलीकडे गेली.

ही मिरवणूक ध्यानांत ठेवली म्हणजे पल्लादिओच्या रचनेचें मर्म उलगडतें. पुलावरून येणाऱ्यास शुभ्र दगडी दर्शनी भाग व त्यामागील घुमट दुरूनच दिसतो. मग रुंद पायऱ्या, एकच सरळ सभामंडप, आणि शेवटीं वेदी. सारी वास्तु जणुं त्याच वाटेचा पुढचा टप्पा आहे.

ज्याच्या कारकीर्दींत नवस झाला तो डोज आल्व्हीझे मोचेनिगो जून १५७७ मध्येंच वारला. पल्लादिओ १५८० मध्यें गेला; मंदिर पुरें झालें तें १५९२ मध्यें. १७९७ मध्यें नेपोलियनपुढें प्रजासत्ताकच मावळलें, आणि दर्शनास जाणारे डोज इतिहासजमा झाले. परंतु जुलैच्या तिसऱ्या रविवारीं तो उत्सव आजही होतो, त्यासाठीं तात्पुरता पूल आजही बांधला जातो. राज्यानें बोललेला नवस राज्य बुडाल्यावरही प्रजा फेडीत राहिली, यांतच या मंदिराची खरी थोरवी आहे.