दोऱ्याची ओढ : खोट्या माशीची अवजारे

'मानसोल्लास' म्हटले की मराठी अभ्यासकाला ओवी आठवते. महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओव्या गातात, ही त्या ग्रंथातली नोंद आपल्या वाङ्मयेतिहासात हटकून येते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने शके १०५१ च्या सुमारास सिद्ध केलेल्या या ग्रंथात पाच विंशती आणि शंभर अध्याय आहेत. त्यातला 'मत्स्यविनोद' मात्र फारसा कोणी उघडत नाही. आमचा परभणीकडचा गोदाकाठ त्या काळी याच राजसत्तेखाली होता, म्हणून मला त्याचे कुतूहल. सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञांनी १९५१ साली एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात या अध्यायावर लिहिले, तेव्हा गळाने मासे धरण्याच्या राजविनोदाचे इतके जुने आणि तपशीलवार वर्णन जगापुढे आले.

सोमेश्वर दोरीबद्दल बोलतो, गळाबद्दल बोलतो, कोणत्या माशाला कोणते आमिष हेही सांगतो. पण त्याचे आमिष खरेखुरे, खाण्याचे असते. पिसांची खोटी माशी बांधून मासा फसवण्याची कला वेगळी. तिचा जुना उल्लेख रोमन काळातला लेखक ईलियन करतो : मॅसेडोनियातले लोक गळाला तांबडी लोकर गुंडाळून त्यावर कोंबड्याची दोन पिसे बांधत. इंग्लंडात १४९६ साली छापलेल्या एका पुस्तिकेत अशा बारा माश्या दिल्या आहेत. आज या माशीला सगळे 'फ्लाय'च म्हणतात.

ही माशी उभी राहते ती दोऱ्याच्या ओढीवर. पीस, लोकर, केस हे सारे दोऱ्याच्या वेढ्याखाली दाबून बसवायचे; गाठ फक्त शेवटी. ओढ सैल झाली की पीस गळाभोवती फिरते, जास्त झाली की दोरा तुटतो. पूर्वी गळ डाव्या हाताच्या चिमटीत धरून, मेण लावलेला रेशमी दोरा उजव्या हाताने ओढत बांधणी होई. मेण यासाठी, की हात सोडला तरी वेढा उसवू नये.

ही विद्या आपल्याकडे आली ती साहेबाबरोबर. मद्रास इलाख्यातले सनदी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस यांचे 'द रॉड इन इंडिया' १८७३ साली निघाले आणि महसीरच्या मागे लागलेल्या अधिकाऱ्यांचे ते पाठ्यपुस्तकच झाले. उलट दिशेने आपला राखी रानकोंबडा विलायतेला गेला. सह्याद्रीतल्या या पक्ष्याच्या मानेवरच्या पिसांना मेणाच्या थेंबासारखे चकचकीत ठिपके असतात. सामन माशासाठी बांधलेल्या माश्यांच्या अंगावर ते डोळ्यासारखे शोभत, आणि त्या शोभेपायी पक्षी मारले गेले. १९०२ साली सरकारने पिसांच्या निर्यातीवर बंदी घातली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारही थांबली. आता ही पिसे परदेशात पाळलेल्या पक्ष्यांची मिळतात. दोऱ्याच्या चार वेढ्यांसाठी एवढी किंमत !

दोरा धरणारे बॉबिन हे अवजार या इतिहासात फार उशिरा, विसाव्या शतकात रुळले. शिवणयंत्राच्या बॉबिनशी त्याची गल्लत करू नये. दोन तारांच्या चिमट्यात दोऱ्याचे रीळ बसते, दोरा एका बारीक नळीतून बाहेर येतो आणि हात सोडला की अवजार स्वतःच्या वजनाने लोंबत राहून ओढ कायम ठेवते. आपल्या विणकराच्या धोट्यात कांडी असते, तिचाच हा दूरचा भाऊबंद. सॅन फ्रान्सिस्कोच्या फ्रँक मॅटरेली यांनी तारेची बॉबिने घडवून त्याला नाव मिळवून दिले.

निवड करताना मी आधी नळीचे तोंड पाहतो. तिथे जरासा कंगोरा असला तरी दोरा तुटतो आणि नवखा माणूस दोष स्वतःच्या हाताला देतो. नळीचे तोंड चिनी मातीचे असेल तर ही भीती उरत नाही. मग रीळ बसवून अवजार लोंबते सोडावे. ते आपोआप खाली सरकता कामा नये, पण हलके ओढताच दोरा सुटला पाहिजे. सरकत असेल तर चिमट्याच्या तारा किंचित आत वाकवाव्यात, फार घट्ट असेल तर बाहेर. सत्तर डेनियरचा दोरा म्हणजे नऊ हजार मीटरला सत्तर ग्रॅम. इतक्या बारीक दोऱ्याला जड बॉबिन सोसत नाही. बाकी अवजारांत टोकापर्यंत कापणारी कात्री आणि गळ न हलवता धरणारा शिकंजा एवढ्यांवर पैसे खर्चावेत. दाभण घरातले चालते.

परभणीत माश्या बांधणारे नाहीतच म्हटले तरी चालेल. गोदावरी, पूर्णा, दुधना या नद्यांवर मासेमारी पोटासाठी झाली, आणि पोटासाठी जाळेच लागते. गंगाखेडच्या काठावर भोई माणूस जाळे विणतो तेव्हा दोरा बांबूच्या चपट्या सुईवर गुंडाळलेला असतो. घराच्या मापासाठी एक पट्टी. गाठ आवळताना ओढ बोटाने राखायची. पूर्वी दोरा सुती किंवा तागाचा असे, आता नायलॉनचा आहे. नायलॉनच्या गाठी सुटतात म्हणून जुन्या गाठीला एक वेढा जास्त द्यावा लागतो, असे तिथल्या एका जाणत्या विणणाऱ्याने मला सांगितले. राजाच्या ग्रंथात दोरीची नोंद आहे, ती वळणाऱ्याचे नाव नाही. या वेढ्याची तर कुठे नोंदही नाही. ती इथे करून ठेवतो.