बहरीन, मराठा पलटण आणि राहून गेलेली एक नोंद



मी परिचारिका आहे, इतिहासकार नव्हे. नर्सिंगचा डिप्लोमा एवढेच माझे शिक्षण. परंतु सारे आयुष्य रुग्णांच्या नोंदी लिहिण्यात गेले, आणि एखादी नोंद राहून गेली म्हणजे माणसाच्या वाट्याला काय येते, हे मी बहरीनमध्ये जवळून पाहिले. तेच आज सांगावयाचे आहे.

१९८६ साली मी मनामा येथील एका रुग्णालयात शस्त्रक्रिया विभागात काम करीत होते. तेथे आपल्या समाजाचे माणूस भेटणे कठीण. मनामातील जुन्या सिनेगॉगवर १९४७ च्या डिसेंबरात हल्ला झाला होता आणि मी होते त्या काळात तेथे प्रार्थना होत नसे. शब्बाथचा दिवा मी माझ्या खोलीतच लावीत असे. त्यामुळे वॉर्डात कोणी मराठी बोलले की तेवढ्यानेही जीव सुखावे.

असाच एक रुग्ण आला. सातारा जिल्ह्यातला, फौजेतून निवृत्त झालेला, एका गोदामावर पहाऱ्याच्या नोकरीत. मांडी दुखते अशी तक्रार होती. एक्स-रे काढला तर हाडाजवळ धातूचा लहानसा तुकडा दिसला. मी विचारले, "दादा, हे काय?" तो म्हणाला, "मॉर्टरचा तुकडा, सिस्टर. एकाहत्तरचा. मी सांगतो तर कोणी मानत नाही."

न मानणारे म्हणजे सरकारी कार्यालय. पूर्व आघाडीवर लढल्याबद्दलचा पूर्वी स्टार त्याच्याजवळ होता, संग्राम मेडल होते. परंतु शत्रूच्या प्रत्यक्ष माऱ्यात जखमी झालेल्या सैनिकाला मिळणारे पराक्रम पदक नव्हते. हे पदक १९७३ साली सुरू झाले आणि आधीच्या लढायांतील जखमींनाही लागू करण्यात आले. त्यासाठी सैनिकाच्या सेवापत्रकात तो लढाईत जखमी झाल्याची नोंद असावी लागते. याच्या पत्रकात ती नव्हती.

का नव्हती, हे परिचारिका म्हणून मला चटकन उमगले. १२ डिसेंबरला तो जखमी झाला. कंपनीबरोबरच्या नर्सिंग असिस्टंटने पट्टी बांधली, आणि कंपनी पुढे निघाली म्हणून हाही लंगडत तिच्याबरोबर निघाला. १६ तारखेला युद्ध थांबले. त्यानंतर जखम चिघळली, ताप चढला, तेव्हा कुठे त्याला रुग्णालयात दाखल केले. तेथील डॉक्टरांनी समोर दिसले तेच लिहिले : मांडीची पू झालेली जखम. तोफ थंडावल्यानंतरच्या तारखेचा कागद, आणि जखम कशाने झाली याविषयी एक अक्षर नाही. त्यात कोणी लबाडी केली नव्हती. घाईच्या वॉर्डात अशी नोंद मीही कितीदा केली असेल, हा विचार त्या रात्री मला झोपू देईना.

त्याच्या आग्रहामागे आणखी एक गोष्ट होती. त्याची आजी सांगे की, जर्मन लढाईत आजोबांची बोट 'बारीन'ला उभी होती आणि शिपायांना खाली उतरू दिले नव्हते. बारीन हे कोकणातले एखादे बंदर असावे अशी घरात समजूत होती. बहरीनचा व्हिसा हाती आला तेव्हा त्याला उलगडा झाला. मला मात्र ते खरे वाटले नाही. बहरीनमध्ये मराठा शिपाई १९१४ साली कशाला येतील?

पुढे त्या मोहिमेचा इतिहास वाचला आणि माझी चूक मला कळली. १६ ऑक्टोबर १९१४ रोजी मुंबई बंदरातून मोठा ताफा निघाला. त्यात पुणे डिव्हिजनची १६ वी ब्रिगेड होती आणि तिचे प्रमुख होते ब्रिगेडियर जनरल डेलामेन. डॉर्सेट, २० वी पंजाबी, १०४ वी रायफल्स आणि आपली ११७ वी मराठा, अशा तिच्या पलटणी. लखोटाबंद हुकूम समुद्रावर उघडले गेले तेव्हा कळले की जायचे आहे बहरीनला. २३ ऑक्टोबरला जहाजे बहरीनसमोर नांगरली. तुर्कस्तानशी युद्ध अजून जाहीर झाले नव्हते. म्हणून आठवड्याहून अधिक काळ माणसे त्या उकाड्यात जहाजावरच कोंडून राहिली. नोव्हेंबरच्या आरंभी नांगर उचलले, ६ तारखेला फाव येथे फौज उतरली आणि २२ च्या सुमारास बसरा हाती आले.

आजीची आठवण तंतोतंत खरी होती. बोटीत कोंडलेल्या शिपायाच्या घरी सत्तर वर्षे टिकलेली ती एकमेव नोंद.

आता पदकांची गंमत पाहा. गंमत म्हणावी की अन्याय, ते तुम्ही ठरवा. १९१४ च्या शरद ऋतूत लढलेल्यांसाठी '१९१४ चा तारा' निघाला. तो केवळ फ्रान्स व बेल्जियम येथे २२ नोव्हेंबरच्या मध्यरात्रीपर्यंत सेवा केलेल्यांना. त्याच दिवसांत, त्याच मुंबईहून निघून बसऱ्यात पोहोचलेल्या मराठा शिपायाला तो नाही. त्याला नंतर काढलेला '१९१४-१५ चा तारा'. दोन्ही तारे काशाचे, दोन्हींवर तलवारी, फीतही सारखीच. फरक मधल्या पट्टीवरील अक्षरांचा. येथे नोंद हरवली नव्हती, नियमच तसा होता. नियमाविरुद्ध अर्ज करून कोणाचे भले होत नाही. नोंद मात्र दुरुस्त होऊ शकते. अर्ज लिहिण्याआधी आपले गाऱ्हाणे कोणत्या जातीचे आहे ते पाहावे, हे मी त्या वेळी शिकले.

ते आजोबा पुढे कूट-अल-अमाराच्या वेढ्यात सापडले. १४७ दिवसांचा वेढा. आत १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी. अन्न संपत आले. गोऱ्या सैनिकांना बेरीबेरी आणि हिंदी शिपायांना स्कर्व्ही झाला, कारण दोघांचा आहार निराळा आणि उणीवही निराळी. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० माणसे कैद झाली. ज्या पलटणीचा अधिकारी, कारकून आणि डॉक्टर एकाच दिवशी कैदेत जातात, तिच्यातील कोणी काय पराक्रम केला याची शिफारस कोण लिहिणार? आजोबा परत आले नाहीत. बसऱ्याच्या स्मारकावर ४०,५०० हून अधिक मृतांचे स्मरण आहे; पण तेथे हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली आणि शिपायांची पलटणीनिहाय केवळ संख्या. युद्धकबरींची व्यवस्था पाहणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाने २०२१ साली अहवाल काढून, हजारो हिंदी व आफ्रिकी सैनिकांचे स्मरण समानतेने झाले नाही, हे स्वतःच मान्य केले.

माझा रुग्ण एकदा म्हणाला, "आजोबा आकड्यात गेले, सिस्टर. मला निदान माझ्या नावानं राहू द्या."

हे ऐकताना मला आपली माणसे आठवली. कंपनी सरकारच्या मुंबई पलटणींत बेने इस्राएल शिपायांनी व सुभेदारांनी पिढ्यान्‌पिढ्या नोकरी केली. १८०३ ते १८२६ या काळातील लढायांसाठीचे पदक सरकारने काढले १८५१ साली, आणि तेही हयात असलेल्यांनाच. कोरेगावला विशीत लढलेला माणूस तोपर्यंत पन्नाशी उलटलेला. जो आधीच नवगाव-रेवदंड्याच्या मातीत गेला त्याच्या मुलाबाळांना काही नाही. पुढे एका जातीची एक कंपनी अशी पलटणींची रचना झाली आणि आपल्याएवढ्या लहान समाजाला त्यांत जागाच उरली नाही. आपल्या देशी अधिकाऱ्यांची सेवा आज ठाऊक आहे ती मुख्यतः हाइम सॅम्युएल केहिमकर यांनी माहिती गोळा केली म्हणून. त्यांचा ग्रंथ १८९७ साली लिहून झाला आणि छापला गेला १९३७ साली, तेल अवीवमध्ये, ते स्वतः गेल्यानंतर.

अमेरिकेतील टिबोर रुबिन यांची हकीकत आपल्यापैकी काहींनी वाचली असेल. हंगेरीत जन्मलेला हा यहुदी मुलगा माउटहाउझेनच्या छळछावणीतून वाचला आणि कोरियात अमेरिकेसाठी लढला. एका टेकडीवर तो एकट्याने शत्रूला थोपवून उभा राहिला, कैदेत त्याने रात्री अन्न चोरून सोबत्यांना जगवले. अधिकाऱ्यांनी शिफारस करावयास सांगितली. पण कागद करणाऱ्या सार्जंटने यहुदी म्हणून तो पुढे पाठविलाच नाही, असे त्याच्या सोबत्यांनी शपथेवर सांगितले. शिफारस करणारे अधिकारी रणात पडले. सर्वोच्च सन्मानपदक त्यांना मिळाले २००५ साली, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, आणि ते या सोबत्यांच्या साक्षींवर. कागद नसेल तेथे साक्षीदार लागतो, हे त्यातले मर्म.

आम्हालाही तेच करावे लागले. पहिल्या अर्जाचे उत्तर आले : लढाईत जखमी झाल्याची नोंद आढळत नाही, पुरावा सादर करावा. आमच्या सर्जननी एक्स-रेसह दाखला दिला. उत्तर आले की, धातूचा तुकडा आहे हे मान्य, तो शत्रूचा आहे हे यावरून ठरत नाही. खरे सांगते, मला राग आला. परंतु त्यात तथ्य होते. एक्स-रे तुकडा दाखवतो, तो कोणी मारला ते दाखवीत नाही. मग मी विचारले, "दादा, पट्टी कोणी बांधली होती?" नाव त्याला पाठ होते. गाव ठाऊक नव्हते.

तो शोध त्याच्या भावाने केला. दोन रजा, तीन तालुके. तो नर्सिंग असिस्टंट शेती करीत होता, आणि त्याला ती पट्टी आठवत होती. कारण बांधताना हातातली टॉर्च विझवावी लागली होती व त्याने अंधारात बोटांनी चाचपून गाठ मारली होती. त्याने नोटरीपुढे प्रतिज्ञापत्र केले. तेव्हाच्या प्लॅटून कमांडरनेही दोन ओळी लिहून दिल्या. तिसऱ्या वर्षी पत्र आले : नोंद दुरुस्त करण्यात आली आहे.

नोंदीत जखमेची तारीख १३ डिसेंबर पडली होती. मी लगेच कागद ओढला आणि पुन्हा अर्ज लिहावयास बसले. त्याने माझ्या हातातून पेन काढून घेतले. म्हणाला, "एक दिवस राहू द्या, सिस्टर. तेवढा सरकारला दिला."

पुढे रजेवरून परतताना तो पदक घेऊन वॉर्डात आला. अशा पदकाच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक आणि नाव कोरलेले असते. मी चष्मा लावून ते खिडकीशी नेले आणि अक्षर न्‌ अक्षर वाचले. नाव बरोबर होते.