इतिहासाच्या पेपरांचे पूर्वज

इतिहास घेऊन बी.ए. झालेल्या कुणाचीही गुणपत्रिका काढून बघा. प्राचीन भारत, मध्ययुगीन भारत, आधुनिक भारत, मराठ्यांचा इतिहास, युरोप, कुठे चीन-जपान, कुठे अमेरिका, आणि शेवटच्या वर्षाला इतिहासलेखनशास्त्र. एम.ए.ला गेलं की आर्थिक इतिहास, स्त्रियांचा इतिहास, पर्यावरण, पुरातत्त्व, नाणी, मोडी अशी भर पडते. ही यादी अभ्यास मंडळाच्या बैठकीत मंजूर होते, म्हणून ती मंडळानेच रचली असेल असं वाटतं. मंडळ शिक्का मारतं, इतकंच. पेपर येतात दुसरीकडून, आणि बहुतेक वेळा इतिहासाचा प्राध्यापक नसलेल्या माणसाकडून.

ऑक्सफर्डचंच बघा. तिथे इतिहासाची पहिली कायमची खुर्ची १६२२ मध्ये मांडली ती विल्यम कॅमडेन यांनी. हे गृहस्थ शाळेचे हेडमास्तर होते. ‘ब्रिटानिया’ नावाचा इंग्लंडच्या भूगोल-पुराणवस्तूंचा मोठा ग्रंथ त्यांच्या नावावर होता. केंटमधल्या एका जहागिरीचं उत्पन्न त्यांनी या खुर्चीसाठी लावून दिलं. पहिले प्राध्यापक डिगरी व्हेअर रोमचा इतिहास शिकवायचे, आणि त्यासाठी फ्लोरस या लॅटिन लेखकाचं एक छोटं पुस्तक समोर धरायचे. नेमकं पुस्तक, त्यावर भाष्य आणि फळ्यापुढे एक माणूस! चारशे वर्षांनंतरही ही पद्धत आपल्याकडे चांगली तगली आहे.

शंभर वर्षांनी राजाला या विषयाची आठवण झाली, तीही परराष्ट्र खात्याच्या निमित्ताने. परदेशी दरबारांत पाठवायला भाषा आणि अलीकडचा इतिहास जाणणारी पोरं हवी होती, म्हणून पहिल्या जॉर्जने १७२४ मध्ये ऑक्सफर्ड आणि केंब्रिजला आधुनिक इतिहासाची एकेक खुर्ची दिली. खुर्ची मिळाली म्हणून व्याख्यानं मिळाली असं मात्र नाही. केंब्रिजचे एक प्राध्यापक घोड्यावरून पडून गेल्यावर १७६८ मध्ये ती जागा कवी थॉमस ग्रे यांना मिळाली. मरेपर्यंत तीन वर्षं त्यांनी ती सांभाळली आणि एकही व्याख्यान दिलं नाही. इतिहास हा पदवीचा स्वतंत्र विषय व्हायला ऑक्सफर्डलाही १८७२ साल उजाडलं. तोपर्यंत तो कायद्याच्या पदराला बांधलेला होता.

प्राचीन-मध्ययुगीन-आधुनिक ही वाटणी आपण इतकी गृहीत धरतो की काळ स्वतःच तीन तुकड्यांत विभागून आला असावा असं वाटतं. या वाटणीचा पाठ्यपुस्तकी जनक क्रिस्टोफ केलर, म्हणजेच सेलारियस हा जर्मन पंडित. सतराव्या शतकाच्या अखेरीस त्याने विद्यार्थ्यांसाठी जगाचा इतिहास तीन भागांत लिहिला. एक खुंटी रोमच्या कॉन्स्टन्टाइन बादशहापाशी ठोकली, दुसरी १४५३ मध्ये तुर्कांनी कॉन्स्टॅन्टिनोपल घेतलं तिथे. शाळेत शिकवायला ही सोय उत्तम होती. मग १८१७ मध्ये जेम्स मिल यांनी हिंदुस्थानचा जाडजूड इतिहास लिहिला आणि आपल्या भूतकाळाची हिंदू, मुस्लिम, ब्रिटिश अशी मांडणी केली. मिल इथे कधी आले नव्हते, इथली एकही भाषा त्यांना येत नव्हती, आणि ही गोष्ट त्यांना उणीव वाटण्याऐवजी गुण वाटत होती. पुढे मिलच्या नावांऐवजी सेलारियसची नावं आली. खुंट्या साधारण त्याच राहिल्या. त्यामुळे सातवाहन ‘प्राचीन’ आणि यादव की बहमनी ‘मध्ययुगीन’ यावर आजही प्राध्यापक घाम गाळतात.

इतिहासलेखनशास्त्राच्या पेपरात रांके हमखास असतो. विद्यार्थी त्याचं जन्मसाल पाठ करतात. तो काय करायचा हे मात्र गाईडात दोन ओळींत उरकलेलं असतं. लिओपोल्ड फॉन रांके हा आधी शाळामास्तर. १८२४ च्या पहिल्या पुस्तकावर त्याला बर्लिनचं बोलावणं आलं. व्हेनिसच्या वकिलांनी दरबारोदरबारी बसून मायदेशी धाडलेले अहवाल त्याने वाचायला घेतले. पुढे निवडक विद्यार्थ्यांना तो घरी बोलवायचा आणि टेबलावर जुना मजकूर ठेवायचा: हा कुणी लिहिला, कशासाठी लिहिला, त्याला हे कसं कळलं, त्याने कुणाची नक्कल केली. ‘सेमिनार’ म्हणून जी वस्तू आज पीपीटी आणि प्रमाणपत्रासह साजरी होते, तिच्या कुळात हे टेबल आहे.

आता मुंबईकडे येऊ. १८५७ मध्ये विद्यापीठ झालं, १८६२ मध्ये बी.ए.ची पहिली तुकडी बाहेर पडली. तीत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. या पिढीच्या अभ्यासात इंग्लंडचा इतिहास भरपूर होता. काळा घोड्याजवळच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आज राज्याचं पुराभिलेखागारही आहे, म्हणजे वर्ग आणि दप्तर एका छपराखाली आहेत. पण एका छपराखाली राहिल्याने ओळख होतेच असं नाही. मराठ्यांचा इतिहास त्या पहिल्या पिढ्यांत कॉलेजच्या बाहेरच वाढला.

बाहेर म्हणजे कुठे? ग्रँट डफ यांचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये निघाला होता आणि चाळीस वर्षं त्याला कुणी इथून उत्तर दिलं नव्हतं. १८६७-६८ च्या सुमारास निळकंठ जनार्दन कीर्तने या पुण्याच्या तरुणाने त्यावर खरमरीत टीका लिहिली. १८७८ मध्ये ‘काव्येतिहाससंग्रह’ हे मासिक सुरू झालं आणि काशीनाथ नारायण साने प्रभृतींनी बखरी छापायला घेतल्या. रानड्यांचं मराठी सत्तेच्या उदयावरचं इंग्रजी पुस्तक १९०० चं. तेव्हा ते हायकोर्टाचे न्यायमूर्ती होते. फावल्या वेळात इतिहास लिहिणाऱ्यांचा हा प्रांत होता.

आणि विश्वनाथ काशीनाथ राजवाडे. फावला वेळ हा प्रकारच या माणसाकडे नव्हता. डेक्कन कॉलेजातून बी.ए. झाले, पण कॉलेजात त्यांना हवा तो इतिहास नव्हता. वाईला एका वाड्यात जुन्या पत्रांचा साठा हाती लागला आणि १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला, पानिपतच्या आधीच्या दशकाचा. खंडांची संख्या पुढे बावीसवर गेली. स्वतःचं अन्न स्वतः शिजवत, वाड्यांच्या माळ्यांवर आणि देवघरांच्या कोनाड्यांत दप्तरं शोधत हा माणूस महाराष्ट्रभर फिरला. कागद देणारे कमी, नाकारणारे जास्त. वतनाचा दावा उभा राहील, भाऊबंद जागे होतील, ही भीती होतीच, आणि ती अगदी वेडगळ नव्हती. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालं त्यामागे तेच होते. मग तिथेही बिनसलं. राजवाड्यांचं कुणाशी बिनसलं नाही याची यादी छोटी आहे. व्याकरण, ज्ञानेश्वरीची भाषा, स्थलनामं, विवाहसंस्था, सगळीकडे त्यांनी हात घातला. त्यांचे कित्येक निष्कर्ष आज टिकत नाहीत. पण जात, भाषा, गावाचं नाव, लग्नाची चाल हेही इतिहासाचं साधन आहे हे त्यांनी ज्या हट्टाने दाखवलं, त्या हट्टाला नंतरच्या किती पेपरांचं देणं आहे हे मोजायला बसावं लागेल.

पुण्याच्या पेशवे दप्तरातले हजारो रुमाल सरकारने अभ्यासकांपासून दूर ठेवले होते. ते उघडले आणि १९३० ते १९३४ या काळात गोविंद सखाराम सरदेसाई यांनी निवडक कागदांचे ४५ खंड काढले. सरदेसाईही कॉलेजचे नव्हेत. बडोद्याच्या राजवाड्यात राजपुत्रांना शिकवता शिकवता टिपणं वाढली आणि त्यांची ‘रियासत’ झाली. दरम्यान गंमत अशी झाली की मराठ्यांच्या राज्यकारभारावर विद्यापीठीय शिस्तीचं पुस्तक १९२३ मध्ये निघालं ते कलकत्त्यात, सुरेंद्रनाथ सेन या बंगाली अध्यापकाकडून. आणि प्राचीन भारताच्या अभ्यासासाठी कलकत्त्याने मांडलेल्या कारमायकेल खुर्चीवर १९१७ पासून बसले देवदत्त रामकृष्ण भांडारकर, म्हणजे डॉ. भांडारकरांचे चिरंजीव. वडील संस्कृतचे प्राध्यापक. दख्खनचा प्राचीन इतिहास त्यांनी शिलालेख, ताम्रपट आणि पुराणं समोर ठेवून लिहिला होता. प्राचीन भारताचा पेपर आपल्याकडे असा संस्कृतच्या दारातून आत आला. प्राचीन इतिहास आणि ‘इतिहास’ असे दोन वेगळे विभाग कित्येक विद्यापीठांत दिसतात, त्याचं मूळ काही अंशी इथे आहे.

मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात १९२२ मध्ये फादर हेन्री हेरास हे स्पॅनिश जेसुइट आले. कोणता इतिहास शिकवाल असं विचारल्यावर त्यांनी भारताचा असं उत्तर दिलं आणि त्याबद्दल काय येतं या पुढच्या प्रश्नाला ‘काही नाही’ असं सांगितलं, अशी गोष्ट झेवियर्समध्ये सांगतात. ती थोडी घासूनपुसून चकचकीत झालेली असेल. पण १९२६ मध्ये त्यांनी कॉलेजातच संशोधन संस्था काढली, नाणी-मूर्ती-पोथ्या जमवल्या, विजयनगरवर ग्रंथ लिहिला आणि विद्यार्थ्यांकडून मूळ साधनांवर प्रबंध करून घेतले. जॉर्ज मोराएस या त्यांच्या विद्यार्थ्याने गोवा-बनवासीच्या कदंबांचा इतिहास १९३१ मध्ये प्रसिद्ध केला. दुसऱ्या एकाने नालंदा विद्यापीठावर लिहिलं. तो दुसरा म्हणजे हसमुख धीरजलाल सांकळिया.

सांकळिया लंडनहून पुरातत्त्व शिकून आले. बंद पडलेलं डेक्कन कॉलेज १९३९ मध्ये संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडलं तेव्हा ते तिथे रुजू झाले. त्याच सुमारास इरावती कर्वे मानवशास्त्र-समाजशास्त्रासाठी आणि त्र्यंबक शंकर शेजवलकर मराठ्यांच्या इतिहासासाठी तिथे आले. काय शेजार असेल तो! पुस्तकातला महाराष्ट्र तेव्हा सातवाहनांपासून सुरू व्हायचा, त्याआधी जवळजवळ रिकामी पानं. संगमनेरजवळ जोर्वे, मग नेवासे, मग शिरूर तालुक्यातलं घोड नदीकाठचं इनामगाव अशी खोदकामं झाली आणि त्या पानांवर माणसं दिसू लागली: सातवाहनांच्या कित्येक शतकं आधीचे, तांबं आणि दगड दोन्ही वापरणारे, बार्ली पिकवणारे शेतकरी. गेलेली मुलं ते दोन मडकी तोंडाला तोंड लावून घराच्या जमिनीखाली पुरत. या माणसांचं एकाचंही नाव आपल्याला कळणार नाही, पण ते काय खात होते हे पेशव्यांच्या कुळंब्यांपेक्षा कदाचित अधिक नेमकं सांगता येतं. जळालेले दाणे आणि हाडं वाचायला मात्र वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, भूविज्ञान लागतं. म्हणून पुरातत्त्वाच्या वर्गात बी.एस्सी. झालेली पोरं आली, आणि कला शाखेच्या पोरांना मातीचे थर समजून घ्यावे लागले.

दामोदर धर्मानंद कोसंबी तर गणिताचे. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचे, नंतर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले. संख्याशास्त्र वापरून बघायला काहीतरी हवं म्हणून ते आहत नाण्यांकडे वळले. नाणं हातोहात फिरताना झिजतं, म्हणजे वजनावरून ते किती फिरलं याचा अंदाज बांधता येईल. तो ताडून पाहायला त्यांनी तेव्हा चलनात असलेल्या हजारो नाण्यांचं वजन केलं. तिथून नाणी पाडणाऱ्या राजांकडे, तिथून उत्पादनाच्या साधनांकडे, आणि पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर गारगोट्यांची बारीक हत्यारं वेचत, म्हसोबा-बोल्हाईच्या ठाण्यांकडे. भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची त्यांची प्रस्तावना १९५६ ची. राजेरजवाड्यांच्या सनावळ्या ज्यांना पुरेशा वाटत होत्या त्यांना ती रुचली नाही. आर्थिक आणि सामाजिक इतिहासाचे पेपर आपल्याकडे ज्या तोऱ्यात आले, त्यात या गणितज्ञाच्या फटकळपणाचा वाटा आहे.

स्त्रियांच्या इतिहासाचा पेपर फार उशिरा आला, आणि त्याचं एक मुख्य साधन मराठीत आधीपासून पडून होतं. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२ मध्ये छापलं. सुरतेकडच्या एका विधवेवरच्या खटल्याचं निमित्त होऊन लिहिलेलं ते पुस्तक नंतर विस्मरणात गेलं. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणलं, आणि मालशे होते मराठी साहित्याचे प्राध्यापक. शिवाजी महाराजांवर जोतीराव फुल्यांनी १८६९ मध्ये लिहिलेला पोवाडाही असाच फार काळ ‘साहित्य’ किंवा ‘चळवळ’ या खणात राहिला. रायगडावरच्या राजाकडे कुणबी-शूद्रांच्या बाजूने बघणारा तो इतिहासच आहे, हे वर्गात म्हणायला शंभर वर्षं लागली.

कागद वाचायची विद्या मात्र अजून परिघावर आहे. पेशवाईवर प्रबंध लिहिणाऱ्याला मोडी यायला हवी, आदिलशाहीवर लिहिणाऱ्याला फारसी, गोव्यावर लिहिणाऱ्याला पोर्तुगीज. माझ्या मते इतिहासाच्या पदवीत यांतली एक तरी लिपी किंवा भाषा सक्तीची असावी, आणि त्यासाठी युरोपचा एखादा पेपर गेला तरी चालेल. बऱ्याच ठिकाणी मोडी शिकवली जाते ती प्रमाणपत्र वर्ग म्हणून, संध्याकाळी किंवा शनिवार-रविवारी. त्या वर्गात इतिहासाचे विद्यार्थी असतात, त्यांच्या शेजारी जमिनीच्या जुन्या नोंदी लावून घेणारे वकील असतात, आपल्या कुळाची कागदपत्रं ट्रंकेतून काढून आणलेले निवृत्त कारकून असतात, आणि पहिल्या चाचणीत बहुधा या कारकुनांनाच जास्त मार्क पडतात.