संकटातलं लेकरू कोणाच्या यादीत?



पंचनामा हा शब्द आपल्या गावांना नवा नाही. पूर येतो, गारपीट होते, मग तलाठी येतात, ग्रामसेवक येतात, कृषी सहायक येतात. घराची भिंत किती पडली, जनावरं किती दगावली, सोयाबीन किती एकर बुडालं, हे सगळं लिहून घेतात. लेकरू दगावलं तर त्याचीही नोंद होते. पण जे लेकरू वाचलं, ज्याची आई दवाखान्यात पडली आहे, जे दोन दिवस दुधाविना आहे, त्याला कोणत्या रकान्यात लिहायचं? आज आपण आपल्या मराठी मुलखातल्या काही मोठ्या संकटांकडे एवढ्या एकाच प्रश्नाच्या बाजूने पाहणार आहोत.

फार मागे जायचं तर १८७६-७७ चा दुष्काळ. त्या वेळी पुणे, नगर, सोलापूर इंग्रजांकडे होतं आणि आपली परभणी निजामाच्या राज्यात. इंग्रज सरकारने रस्ते, कालवे, तलाव खोदायची कामं काढली. जो खोदेल त्याला मजुरी, असा सगळा हिशेब. आता तीन वर्षांचं लेकरू काय खोदणार? आईबाप कामाच्या शोधात गाव सोडून जात आणि लेकरं मागे राहत किंवा वाटेवर हरवत. १८७७ साली जोतीराव फुले आणि सत्यशोधक समाजाच्या लोकांनी पुण्याजवळ धनकवडीला व्हिक्टोरिया बालाश्रम काढला, तो या लेकरांना जेवू घालण्यासाठी. त्याच वर्षी सावित्रीबाई जुन्नर भागात होत्या. ओतूरहून त्यांनी जोतीरावांना लिहिलेलं दुष्काळाचं पत्र आजही उपलब्ध आहे. सावित्रीबाईंची शाळा आपल्याला पाठ आहे, त्यांनी दुष्काळात केलेलं हे काम मात्र आपण लेकींना फारसं सांगत नाही. पुढे वीस वर्षांनी पुण्यात प्लेग आला तेव्हा मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या मुलगा यशवंत याच्या दवाखान्यात गेल्या, त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या.

दुसऱ्या बाई पंडिता रमाबाई. त्यांची गोष्ट वेगळी, कारण दुष्काळातलं लेकरू त्या स्वतः होत्या. १८५८ चा त्यांचा जन्म. सोळा वर्षांच्या असताना वडील गेले, पाठोपाठ आई आणि मोठी बहीण गेली, सगळे उपासमारीने. भाऊ आणि त्या तेवढे वाचले. १८९६-९७ ला मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या तिकडे गेल्या आणि मुली, विधवा बाया बरोबर घेऊन आल्या. पुणे जिल्ह्यातल्या केडगावला त्यांना आसरा दिला. १९०० च्या सुमाराला तिथे पंधराशेच्या आसपास जणी होत्या. रमाबाईंच्या धर्मांतरावरून त्या काळी खूप वाद झाले, आजही होतात. तो वाद बाजूला ठेवून त्यांचं एक म्हणणं आपण लक्षात ठेवू. दुष्काळाच्या छावण्यांच्या आसपास एकट्या मुलींवर टपून बसलेली माणसं असतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं आणि लिहून ठेवलं. धान्याचा गाडा पोचण्याआधी अशी माणसं पोचतात.

आता आपल्या सासवांच्या आठवणीतला दुष्काळ, बाहत्तरचा. पावसाने आधीची दोन वर्षंही ओढ दिली होती, १९७२ ला मात्र पार कंबर मोडली. सरकारने जागोजागी दुष्काळी कामं काढली. नालाबांध, पाझर तलाव, रस्ते, खडी फोडणं. मे १९७३ मध्ये राज्यभर जवळपास पन्नास लाख माणसं अशा कामांवर होती आणि त्यांत बायांची संख्या मोठी होती. रेशनला मिलो आला, अमेरिकेतली लाल ज्वारी. त्याच्या भाकरीची चव ज्यांनी घेतली त्या अजून तोंड वाकडं करतात! आणि कामावर सुकडी मिळायची. सुकडी म्हटलं की आपल्या आज्यांचे डोळे आजही चमकतात. मूठभर सुकडी स्वतः खायची की पदराला बांधून घरच्या लेकरासाठी न्यायची, हा तिथल्या प्रत्येक आईपुढचा प्रश्न होता.

कामावरची तान्ही लेकरं कुठे असायची? बाभळीला बांधलेल्या लुगड्याच्या झोळीत. झोका द्यायला थोरली बहीण, सात-आठ वर्षांची. म्हणजे धाकट्याची सोय झाली ती थोरलीची शाळा सोडवून. त्या पिढीतल्या कितीतरी बाया सही न करता अंगठा लावतात, त्याचं एक कारण त्या झोळीत आहे असं आम्हाला वाटतं. गटाचं खातं उघडताना हा अंगठा आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे.

या दुष्काळातून रोजगार हमी उभी राहिली. वि. स. पागे यांनी ती कल्पना लावून धरली. १९७७ ला कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. पुढे २००५ ला देशभराचा रोजगार हमी कायदा आला. त्यात झोळीला जागा मिळाली. कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त लेकरं आली तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमायची आणि तिला तीच मजुरी द्यायची, असा नियम त्यात घातला गेला. म्हणजे लेकरू सांभाळणं हे काम आहे, हे कायद्याच्या कागदावर यायला बाहत्तरपासून तेहतीस वर्षं लागली. कामावर अशी बाई नेमलेली आपल्यापैकी किती जणींनी पाहिली, हे गटाच्या बैठकीत एकमेकींना विचारा.

मग १९९३. आम्ही तेव्हा लहान होतो, काही जणी तर पाळण्यात. २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक दमून झोपले आणि ३० तारखेला पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जमीन हादरली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत किल्लारी, सास्तूर, मंगरूळ अशी बावन्न गावं पार भुईसपाट झाली. सरकारी आकडा आठ हजारांच्या जवळ जातो, इतर अंदाज दहा हजारांपर्यंत. भूकंप काही जगातला सगळ्यात मोठा नव्हता. माणसं मारली ती घरांनी. मातीत रचलेल्या दगडाच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गार राहतं म्हणून जे घर आपल्याला आवडतं, तेच अंगावर आलं.

मंगरूळमध्ये दीड वर्षांची एक मुलगी चार दिवस उलटल्यावर ढिगाऱ्याखाली जिवंत सापडली. जवानांनी तिला बाहेर काढलं. ती लोखंडी खाटेखाली होती, खाटेने वरचा भार पेलला. देशभर ही बातमी गेली, लोक रडले. पण जी लेकरं पहिल्याच दिवशी ढिगाऱ्यातून धडधाकट बाहेर आली आणि ज्यांचे आईबाप आत राहिले, त्यांचं काय झालं?

बऱ्याच लेकरांना आत्या-मामांनी, आज्यांनी जवळ केलं. भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथ्था यांनी सुमारे बाराशे लेकरं पुण्याला नेली आणि त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. वाघोलीचं शैक्षणिक संकुल त्यातून उभं राहिलं. राष्ट्र सेवा दलाच्या मंडळींनी, पन्नालाल सुराणांनी, नळदुर्गजवळ 'आपलं घर' सुरू केलं. पुण्याला गेलेली लेकरं शिकली, त्यांच्या आयुष्याला वळण लागलं, हे खरं आहे. नळदुर्गचं घर मात्र त्यांच्याच मुलखात होतं, तीच बोली, तीच भाकर, तोच पोळा. आम्हाला विचाराल तर दोन्हींची गरज होती, पण आपल्या लेकरांवर वेळ आली तर आमची पहिली पसंती जवळच्या घराला. आईबाप गेलेल्या लेकराला गावही सोडायला लागलं तर ते दुसऱ्यांदा उघडं पडतं.

किल्लारीनंतरची आणखी एक गोष्ट थेट आपल्या कामाची आहे. घरं दुरुस्त आणि मजबूत करायचा मोठा कार्यक्रम निघाला तेव्हा हजाराच्या वर गावांत बायांना 'संवाद सहायक' नेमलं. स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने, प्रेमा गोपालन यांच्या पुढाकाराने, हे काम बांधलं. या बाया घरोघर गेल्या. भिंतीत आरपार दगड का घालायचा, कोपरा कसा बांधायचा, अनुदानाचा हप्ता कधी मिळतो, हे त्यांनी शिकून दुसऱ्यांना सांगितलं. उंबऱ्याच्या आत जाणाऱ्या बाईला घरात किती लेकरं आहेत, कोणतं आजारी आहे हे न विचारता कळतं. याच बायांनी पुढे बचत गट बांधले. २००१ ला कच्छचा भूकंप झाला तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या बाया गुजरातला गेल्या, तिथल्या बायांना धीर द्यायला आणि आपला अनुभव सांगायला. पुढे त्सुनामीनंतर तमिळनाडूतही गेल्या. ज्यांनी कधी एकटीने बाजार केला नव्हता, त्या परराज्यात जाऊन शिकवत होत्या.

कोरोनात पुन्हा तोच प्रश्न आला, आणि या वेळी उत्तर थोडं लवकर मिळालं. मे २०२१ मध्ये जिल्ह्याजिल्ह्यांत कृती दलं झाली, याद्या झाल्या. आई आणि वडील दोघंही गेलेल्या लेकराच्या नावावर राज्याने पाच लाखांची ठेव ठेवली. शिवाय बालसंगोपन योजना आहे, तिला आता सावित्रीबाईंचं नाव आहे. आईबापांपैकी एक जरी गेलं असेल आणि घर चालत नसेल, तर नातेवाइकाकडे किंवा उरलेल्या पालकाकडे राहणाऱ्या लेकरासाठी महिन्याला २२५० रुपये मिळू शकतात. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्याच्या कार्यालयात जातो आणि बाल कल्याण समितीचा आदेश लागतो. धनकवडीपासून इथपर्यंत एक बदल झाला तो हा, की लेकराला आश्रमात नेण्याऐवजी आश्रमाचा पैसा लेकराच्या आजीच्या घरी पाठवायचा.

आता आपल्या पूर्णेकडे येऊ. २१ मार्च २०२४ ला सकाळी सहाच्या सुमारास दहा-बारा मिनिटांच्या अंतराने दोन धक्के बसले, पहिला ४.५ चा. १० जुलैला सातनंतर पुन्हा ४.५. केंद्र हिंगोलीकडे होतं, पण आपली भांडी वाजली, लोक रस्त्यावर आले. त्या वेळी प्रशासनाने सांगितलं होतं की पत्र्यावर ठेवलेले दगड काढून घ्या. ते दगड अजून कितीतरी घरांवर आहेत. काढले तर वैशाखातल्या वावटळीत पत्रे उडतात, ही अडचण खरी आहे. मग पत्रे हूक लावून नाहीतर तारेने वाशांना आवळून घ्यायचे. ते होईपर्यंत निदान लेकरांचं अंथरूण दगडाच्या खाली येणार नाही, एवढं आज रात्रीच पाहता येतं.

आणि पाणी तर आपल्या घरचंच. वरून येलदरी, सिद्धेश्वरचं पाणी सुटतं. खाली कंठेश्वरला पूर्णा गोदावरीला मिळते, आणि गोदावरी भरून चाललेली असेल तर आपलं पाणी तुंबतं. रात्री गाव सोडायची वेळ आली तर लेकरं अंधारात हातातून सुटतात, ती वेगवेगळ्या ट्रॅक्टरवर बसतात.

म्हणून पुढच्या बैठकीत प्रत्येक गटाने एक यादी करायची आहे. गटातल्या दहा-बारा घरांतल्या प्रत्येक लेकराचं नाव, वय, आईवडिलांचा फोन. त्यापुढे दुसऱ्या गावातल्या एका जवळच्या नातेवाइकाचं नाव आणि फोन, मामा, आत्या, आजी, कोणी असेल ते. कोणतं लेकरू अंगावर पितं, कोणाला फिट येते, कोणाला ऐकू येत नाही, कोणाची गोळी रोजची आहे, हेही. गरोदर बाईचं नाव याच यादीत. बोलता येणाऱ्या लेकराकडून स्वतःचं पूर्ण नाव, गाव आणि एक फोन नंबर पाठ करून घ्यायचा, पाढ्यासारखा. संकटात कोणी अनोळखी माणूस 'आम्ही सांभाळतो' म्हणून लेकरू मागायला आला, कितीही चांगला दिसला, तरी बाल कल्याण समितीच्या कागदाशिवाय द्यायचं नाही आणि १०९८ ला फोन लावायचा. तो नंबर फुकट आहे आणि रात्रीही लागतो.

यादीच्या दोन प्रती करा. एक अंगणवाडीताईंकडे द्या. दुसरी गटाच्या पेटीत, कर्जाच्या वहीबरोबर, प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवा. पाणी चढायला लागलं की ती पेटी आपण सगळ्यात आधी माळ्यावर टाकतो.